पडण्याचा पहिला धडा

कागलच्या ‘पंचतारांकित’ वसाहतीत जायचे म्हणून सौभाग्यवतींनी ठेवणीतली साडी नेसली. पोहोचतो तो चहूकडे कारखाने! “अहो, हेच का तुमचे पंचतारांकित?” मी निमूटपणे पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवले. तिथे आमची कन्या ज्युदो शिकते.

हा मुलूख कुस्तीचा. राजर्षी शाहू १८७४ साली कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मले. कोल्हापूरचे खासबाग मैदान त्यांनीच उभारले. इथे पाठ टेकली की अब्रू गेली! जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानात सुरू केलेल्या ज्युदोतही पाठीवर जोरात आपटला तो हरला. पण पहिला धडा पडण्याचाच. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशी, हात गादीवर सपकन. म्हणजे डोके वाचते, दणका विखुरतो.

गेल्या वर्षी कन्या नापास झाली, तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. आज तीच म्हणाली, “बाबा, तुम्हीही या ना!”

पंचेचाळिसाव्या वर्षी मी धपकन पडलो. सौभाग्यवती पदराआड हसल्या. कन्येने हात पुढे केला.

तो धरून उठताना मात्र मला तिच्याकडे पाहवेना.