बीडचा वारा, कामशेतचं उड्डाण

आमच्या बीडमध्ये वारा म्हटलं की बालाघाटच्या माथ्यावरच्या पवनचक्क्या. सुट्टीत घरी गेले की ते डोंगरकडे बघून हमखास वाटतं, इथून पॅराग्लायडिंग का नाही? ते शिकायला मी एका वीकेंडला कामशेत गाठलं. पुण्याजवळचं, मावळातलं हे गाव म्हणजे आपल्या ‘उडाणटप्पूं’ची पंढरीच!

इथला पहिला फंडा : उडणं कमी, थांबणं जास्त. अर्धा दिवस आम्ही टॉवर हिलवर नुसते बसलेलो. कारण सोपं आहे. ग्लायडरला इंजिन नसतं, वेग ताशी जेमतेम 35-40 किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला की तुम्ही हवेत जागच्या जागी. त्याहून जास्त आला, तर चक्क मागे, डोंगरावर. त्यामुळे हेल्मेट, हार्नेस, रिझर्व्ह पॅराशूट, वॉकीटॉकी हे सगळं हवंच, पण नजर कायम काठीवरच्या कापडी नळीवर, म्हणजे विंडसॉकवर. व्हेरिओमीटर मात्र भारी प्रकार आहे. वर चढताना बीप-बीप करतो, खाली येताना सूर पाडतो. हवेत हे आपलं आपल्याला धड कळत नाही.

इन्स्ट्रक्टरना बीडचं विचारलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘पवनचक्क्या किती लांब?’’ पात्यांमागे हवा घुसळून निघते, त्यात पंख मिटू शकतो. शिवाय विजेच्या तारा. आता घाटात गाडी थांबवली, की मी कडा नाही, पायथ्याशी तारा नसलेलं मोकळं रान शोधते. अजून सापडलेलं नाही.

कामशेतचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सुट्टी.