सायकल की नाव?

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरात दर वर्षी एकच वाद उभा राहतो. नाताळच्या सुट्टीला पुण्या-बेळगावची मुले रामनगरला येतात, आणि थंडीचे चार दिवस सायकलीवर घालवावेत की गणेशगुडीला काळी नदीत रबरी नावेतून वाहत जावे, यावर दोन पक्ष पडतात. बर्फाच्या देशांतही म्हणे असाच खल चालतो : जाड टायरांची सायकल घ्यावी, की पायांना लांब पट्ट्या बांधून घसरत जावे!

आम्ही सायकलपक्षाचे. सकाळी सातला जगलबेटच्या रस्त्यावर धुके असते. चढावर धाप लागते, उतारावर कान गार पडतात. मनात येईल तेथे थांबता येते, हे सायकलीचे खरे ऐश्वर्य. गेल्या हिवाळ्यात एका पुतण्याने ती जाड टायरांची सायकल आणली. वाळल्या पानांवर ती घसरत नाही हे खरे. पण डांबरी चढावर तिला बैल जुंपावेत असे वाटले. शिवाय रानवाटांचा मोह आवरावाच लागतो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आपल्या मर्जीने चाक घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

नावेचे प्रकरण निराळे. तेथे पाणी नदीच्या मर्जीने येत नाही. सुपा धरणाच्या विद्युतगृहातील 50 मेगावॅटची जनित्रे फिरू लागली की पाणी सुटते, खडक झाकले जातात आणि मग नाव निघते. मुलांना यात मोठी गंमत वाटते. 101 मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे, काळी आणि पांढरीच्या संगमावर, आमचे जुने सुपे आहे. तालुक्याचे ठाणे होते ते. 1980 च्या दशकात पाणी चढले. घर गेले, परसातला फणस गेला, आणि विस्थापितांसाठी वसवलेले रामनगर आमचे गाव झाले. त्याच पाण्यावर हसत-खिदळत जाणे दादांना कधी रुचले नाही. व्यायाम, स्वस्ताई, थांबण्याची मुभा ही सायकलीच्या बाजूची आमची कारणे खोटी नव्हती. पण पहिले कारण आम्ही मुलांना कधी सांगितले नाही.

यंदा दादांचा गुडघा बोलू लागला. सायकल बंद झाली. मुले गप्प होती. दुसऱ्या दिवशी न्याहारीला दादांनीच विचारले, "ते पाणी कितीला सोडतात रे?" वहिनी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

मोठे खळाळ नाहीत असा लहानसा टप्पा आम्ही घेतला. नारिंगी जाकीट घालून दादा धरणाकडे तोंड करून बसले. संथ पाणी लागल्यावर त्यांनी हात बुडवला.

"फार गार आहे," ते म्हणाले. "संगमावर इतके गार नसायचे."

तेवढ्यात पुढून वल्हे मारण्याची आरोळी आली.