सूर आणि रेषा

महाविद्यालयाचे तास संपले की आठवड्यातून दोन सायंकाळी मी व्हायोलिनच्या शिकवणीस जातो. रविवारी हाती चित्रवही असते. सतारीला पडदे असतात, व्हायोलिनला ते नसतात. सुराची जागा कानानेच शोधावी लागते. कोऱ्या कागदावरील रेषेचेही तसेच. पदवी परीक्षेच्या वर्षी हे सारे बाजूला ठेवावे, असे घरची मंडळी सांगतात. त्यांची काळजी रास्तच आहे. परंतु मला गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) आठवतात. शांतिनिकेतनात शिकून आल्यावर त्यांनी मारियामातेला साडीत चितारले, तेव्हा स्वकीयांकडूनच टीका झाली. तरी पुण्यात राहून ते चितारीतच राहिले. त्यांच्याही वाटेवर खुणा नव्हत्या. म्हणून मी एवढेच ठरविले आहे : पहाटेचा अर्धा तास सुरांना, रविवारची सायंकाळ रेषांना; उरलेला सारा वेळ अभ्यासाला.