बोलणारा गल्ला

आमचे किराणा दुकान तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली. तेव्हा आमच्या पेठेत कोणी या नव्या सोयीकडे फारसे वळले नव्हते. आज मात्र कोथिंबीर विकणाऱ्या आजींच्या पाटीलाही क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. आमच्या गल्ल्याशेजारी ठेवलेले यंत्र दिवसभर जमा रकमा मोठ्याने सांगत असते. सुट्या पैशांची कटकट मिटली, खोट्या नोटेची भीती गेली. ही सोय मी नाकारत नाही.

गेल्या वर्षी एका बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्री रोजमेळ जुळवताना बँकेतील जमा बिलांपेक्षा ३,४२० रुपयांनी जास्त निघाली. शोध घेतला, तेव्हा ३८० रुपयांच्या बिलापोटी कोणीतरी ३,८०० पाठवल्याचे दिसले. यंत्राने तो आकडा मोठ्याने सांगितला होता. पण आमचे कान केवळ ते बोलले एवढेच ऐकायला सरावले होते.

मुलगा म्हणाला, “बाबा, आपण मागितले नव्हते. चूक कळली की येईलच तो.” खोटे कशाला सांगू, क्षणभर मलाही ते पटले. मग वाटले, न दिलेले न घेणे हे व्रत आपण लहानपणापासून ऐकत आलो. चुकून दिलेले ठेवून घेणे त्यात बसते काय?

पडद्यावर एका स्त्रीचे पूर्ण नाव होते, बाकी काही नाही. मला त्या नावाचे गिऱ्हाईक आठवेना. अखेर माळ्यावरून वडिलांच्या खतावण्या काढल्या. वडील प्रत्येक नावापुढे गाव लिहीत, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मुलीचे लग्न’, ‘विहीर खोदली’ अशी नोंद करीत. एका पानावर त्या बाईंच्या पतीचे नाव, आडनाव आणि गाव सापडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक त्या गावी गेलो. बाईंना काहीच ठाऊक नव्हते. फोन मुलाजवळ असे आणि सामानही तोच घेऊन गेला होता. पंधरा-सोळा वर्षांचा तो पोर दाराआड उभा राहून रडू लागला. चूक त्याला त्याच संध्याकाळी समजली होती. “मग दुकानात का आला नाहीस?” मी विचारले. तो म्हणाला, “काका, तुम्ही मला ओळखत नाही. माझं कोण खरं मानणार?”

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. त्याच्या आजोबांना माझे वडील नावाने हाक मारीत. पाऊस लांबला की उधारी पुढे ढकलीत. नातू वर्षभर आमच्याकडे येत होता आणि मी त्याच्याकडे मान वर करून पाहिलेही नव्हते. इंटरनेटने पैशाचा प्रवास सोपा केला. ओळख ठेवण्याचे काम मात्र त्याने कधीच अंगावर घेतले नव्हते. ते आमचे होते, आणि आम्हीच ते सोडून दिले होते.

परतताना गाडीत मुलगा बराच वेळ गप्प होता. आता यंत्र बोलले की तो मान वर करतो, रक्कम स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगतो आणि नवीन चेहरा दिसला की विचारतो, “कोणत्या गावचे आपण?” त्याच्या संगणकातील खात्यांत आता नावापुढे गावाचा रकाना आहे.