चिठ्ठीचं उत्तर

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं तर डॉक्टरला 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. पाच वर्षांत किमान 30 तास निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या (सीएमई) कार्यक्रमांना हजर राहावं, असं 2002 च्या केंद्रीय आचारसंहितेतही लिहिलेलं आहेच. म्हणजे वर्षाला सहा तास. एक रविवार, तोही दुपारच्या जेवणासकट. सातारा, कराड, सांगली, मिरज इथे असे रविवार भरत असतात. बाहेरगावचे वक्ते येतात, स्लाइड दाखवतात, प्रश्नोत्तरं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. याची टिंगल करायचं कारण नाही. आठवडाभर रडणारी पोरं आणि घाबरलेले आईबाप सांभाळणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा वर्गात जाऊन बसतो, ही साधी गोष्ट नव्हे. पण या हिशेबात मोजला जातो तो खुर्चीत बसलेला वेळ. सोमवारी त्या डॉक्टरच्या ओपीडीत काय बदललं, हे कुणी विचारत नाही. मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या बाबतीत ही उणीव इतरांपेक्षा जास्त महाग पडते, असं माझं म्हणणं आहे.

कारण बालपणीच्या आजारांच्या स्वभावातच दडलेलं आहे. ओपीडीत येणारी बहुतेक मुलं आपली आपणच बरी होणार असतात. सर्दी-पडसं, विषाणूंचा ताप, साधे जुलाब, सगळं चार-सहा दिवसांत ओसरतं. त्या दिवसांत अँटिबायोटिक दिलं तरी मूल बरं होतं, नुसतं पॅरासिटॅमॉल दिलं तरी होतं, कफाची बाटली दिली तरी होतं. श्रेय मात्र शेवटच्या औषधाला मिळतं. डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं आजी शेजारणीला सांगते आणि हळूहळू डॉक्टरलाही ते पटू लागतं. मोठ्यांचा मधुमेह चुकीच्या औषधाला फार दिवस झाकू देत नाही. साखरेचा आकडा त्याला उघडं पाडतो. मुलांचे आजार मात्र चुकीच्या औषधालाही पाठीशी घालतात. अशा ठिकाणी अनुभव वाढतो तशी अक्कल वाढेलच, याची खात्री देता येत नाही. चौधरी, फ्लेचर आणि सुमराय या अमेरिकेतल्या संशोधकांनी 2005 मध्ये डॉक्टरांचा अनुभव आणि उपचारांची गुणवत्ता यांच्या नात्यावरचे 62 अभ्यास एकत्र तपासले. निम्म्याहून जास्त अभ्यासांत व्यवसायातली वर्षं वाढत गेली तशी गुणवत्ता घसरलेली आढळली. ते अभ्यास फक्त बालरोगांचे नव्हते. पण जिथे निसर्गच रोज शाबासकी देतो, तिथे ही घसरण लक्षात येणं आणखी अवघड.

जे मूल बरं होत नाही, त्याच्याकडून तरी डॉक्टर शिकेल, असं वाटतं. तेही होत नाही, कारण ते मूल त्याच डॉक्टरकडे परत येत नाही. पाटणचं मूल कराडला जातं, जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरातलं साताऱ्याच्या सिव्हिलला, जत-आटपाडीचं सांगली-मिरजेला. मिरज तर या कामात मुरलेलं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे 1894 मध्ये मिशनचं रुग्णालय उभारलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडून येणाऱ्या रुग्णांची रीघ आजही थांबलेली नाही. कराडला कृष्णा रुग्णालय आहे आणि साताऱ्यालाही आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. गंभीर मुलांची वाट गावाकडून या शहरांकडे जाते. सोबत एक रेफरची चिठ्ठी असते: ताप चार दिवस, धाप लागते, कृपया पुढील उपचार करावेत. उत्तर मात्र क्वचितच येतं. डिस्चार्ज कार्ड आईबापांच्या हाती पडतं आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घरच्या ट्रंकेत जाऊन बसतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याला निदान काय निघालं, आपण दिलेल्या औषधाने काही झाकलं गेलं का, दोन दिवस आधी पाठवलं असतं तर फरक पडला असता का, यातलं काहीच कळत नाही. आपल्या हातून न सुधारलेल्या मुलांची हकिगत हाच डॉक्टरचा खरा धडा, आणि तोच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: गावच्या डॉक्टरला ज्ञानच कमी असतं, ते आधी पुरवा, बाकीचं मागाहून. पण ज्ञान कमी असणं हेच कारण असतं, तर जुलाबाचा प्रश्न कधीच सुटायला हवा होता. क्षार-संजीवनीचं (ओआरएस) महत्त्व कुणाला ठाऊक नाही? 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते साऱ्या जगाला दाखवून दिलं. जुलाबात दहा ते चौदा दिवस झिंक द्यावं, ही शिफारस 2004 ची. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली सुमारे 61 टक्के आणि झिंक मिळालेली 30 टक्क्यांच्या आसपास होती. असं का, हे शोधायला एका मोठ्या प्रयोगात कर्नाटक आणि बिहारमधल्या खासगी व्यावसायिकांकडे रुग्णाच्या पालकाचं सोंग घेतलेली माणसं पाठवली गेली. 2024 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला निष्कर्ष चकित करणारा आहे. ओआरएस न लिहिण्यामागचं सर्वांत मोठं कारण, जवळजवळ 42 टक्के वाट्याचं, डॉक्टरची एक समजूत होती: आईबापांना पुडी नको असते, ‘खरं’ औषध हवं असतं. दुकानात माल नसणं आणि औषधविक्रीतला नफा यांचा वाटा पाच-सहा टक्क्यांचाच निघाला. आणि जे पालक स्वतःहून ओआरएस मागत, त्यांना ते मिळण्याचं प्रमाण बरंच वाढे. म्हणजे कमतरता माहितीची नव्हती. समोर बसलेल्या बाईच्या मनात काय आहे याचा अंदाज चुकत होता, आणि तो चुकतो हे सांगणारं कुणी नव्हतं. यावर ओआरएसच्या रेणूंची आणखी एक स्लाइड दाखवून काय होणार? डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये सीएमईच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांचं वागणं बदलल्याचा पुरावा मिळाला नाही. चर्चा आणि सराव असलेल्या सत्रांनी बदललं.

आजाराचा शेवट पाहायला मिळाला तर डॉक्टर काय करू शकतो, याचं उदाहरण सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं, त्यांत बरीच मुलं, फुप्फुसात पाणी होऊन दगावत. बावस्कर रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसत, नाडी-रक्तदाब नोंदत आणि मृत्यूच्या पायऱ्या ओळखत गेले. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, मग रक्तदाबावरचं प्राझोसिन या कामी वापरून मृत्यूचं प्रमाण शेकडा पंचवीस-तीसवरून अगदी थोडक्यावर आलं. याहूनही मोलाचं ते पुढचं. विंचवाच्या प्रतिविषाचा उपयोग नाही, असं पुष्कळ वर्षं मानलं जात होतं. 2011 मध्ये बावस्करांनीच प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देण्याची चाचणी ‘बीएमजे’त प्रसिद्ध केली, आणि एकट्या प्राझोसिनपेक्षा दोन्ही मिळून रुग्ण लवकर सावरतात असं दाखवलं. स्वतःच रूढ केलेल्या उपचाराची स्वतःच फेरतपासणी करणं, यापेक्षा वेगळं निरंतर शिक्षण ते कोणतं? हे घडलं कारण रुग्ण त्यांच्या डोळ्यांसमोर शेवटपर्यंत होता. पाटणच्या किंवा जतच्या डॉक्टरकडे बुद्धी कमी नसते. रुग्ण अर्ध्यावरून पुढे गेलेला असतो, इतकंच.

नवजात बाळाच्या श्वासाची गोष्ट जरा वेगळी. तिथे हाताला सवय लागते. जन्मानंतरचं पहिलं मिनिट, रबरी बाहुली, बॅग आणि मास्क; कार्यशाळेत शिकलेलं काही महिन्यांत हात विसरतात, म्हणून प्रसूतिगृहातच थोडा थोडा सराव करत राहणं उपयोगी पडतं. शिवाय इथेही जुनं विसरावं लागतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला शंभर टक्के ऑक्सिजन न देता साध्या हवेने सुरुवात करावी, या बदलाच्या पुराव्याची सुरुवात दिल्लीच्या डॉ. सिद्धार्थ रामजी यांच्या 1993 मधल्या कामात आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीत तो पक्का व्हायला 2010 उजाडलं. तोवर शिकून गेलेल्या पिढीला ‘जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त काळजी’ हे मनातून काढून टाकणं किती जड गेलं असेल, याची कल्पना करता येते.

बातमी उलट दिशेने न फिरण्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात ‘कोल्ड्रिफ’ हे कफ सिरप प्यायलेली वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतली बरीच उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणलेली होती. बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, तेच विष ज्याने 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून 14 जणांचे बळी घेतले होते. गुन्हा कारखान्याचा आणि तपासणी न करणाऱ्या यंत्रणेचा, यात शंका नाही. तो डॉक्टरांच्या माथी मारून चालणार नाही. पण दोन गोष्टी उरतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं ठरावीक मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश डिसेंबर 2023 मध्येच निघाला होता, आणि त्या सिरपमध्ये हेच मिश्रण होतं. आदेश निघाला, चिठ्ठ्या लिहिणाऱ्या हातांपर्यंत तो पोहोचला का, हे तपासण्याची सोय कुठल्याच क्रेडिट पॉइंटमध्ये नाही. दुसरं असं, की एकाच भागातून, एकाच तक्रारीची मुलं एका मोठ्या शहरात येत राहतात, तेव्हा ‘तुमच्याकडून आलेल्या मुलाचं असं असं झालं, त्याला आधी काय दिलं होतं?’ हा प्रश्न मूळ गावी पहिल्या आठवड्यातच जायला हवा. असा प्रश्न विचारण्याची रोजची सवय असेल, तरच तो संकटाच्या दिवशी सुचतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच: रेफरच्या चिठ्ठीचं उत्तर हा सीएमईचा गाभा धरावा. पाच ओळींचं उत्तर, अंतिम निदान काय, काय उपयोगी पडलं, काय आधी करता आलं असतं. आणि दर महिन्याला तालुक्याच्या ठिकाणी अशा आठ-दहा मुलांवर तासभर चर्चा. त्यात प्राझोसिनइतकंच महत्त्व श्वास मोजण्याला असावं. दोन महिने ते एक वर्षाच्या मुलात मिनिटाला 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40, हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ. पूर्ण मिनिट घड्याळ धरून मोजणारे मात्र थोडे. पॅरासिटॅमॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम आणि सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 125, या फरकावर आईला काय सांगितलं आणि तिने घरी काय दिलं, हेही तिथेच कळेल.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. स्वतःची केस चारचौघांत मांडायची, तर कज्जा होण्याची भीती आहे. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे. शिवाय शेजारच्या गल्लीतला डॉक्टर स्पर्धक असतो. बालमृत्यूंचं परीक्षण करण्याच्या सरकारी मार्गदर्शक सूचना 2014 पासून आहेत, पण परीक्षण म्हटलं की ‘जबाबदार कोण’ हाच सूर आधी लागतो, हेही खरं. यावर इलाज म्हणजे नावं काढून चर्चा करणं, मृत्यूंऐवजी वाचलेल्या मुलांपासून सुरुवात करणं, आणि बैठकीचा कागद शिक्षेसाठी वापरला जाणार नाही याची हमी नियमातच देणं. ती हमी दिल्याशिवाय कुणी तोंड उघडेल, अशी अपेक्षा धरणं भोळेपणाचं. दुसरा आक्षेप परिणामांचा. डॉक्टरला त्याच्या कामाचा ताळा दाखवण्याच्या पद्धतीचा 2012 मध्ये मोठा आढावा झाला. 140 प्रयोगांत सरासरी सुधारणा चार टक्क्यांच्या घरात निघाली. आकडा लहान आहे, आणि चांगल्या बैठकांनी होणारी सुधारणाही फार मोठी नाही. पण त्याच आढाव्यात असंही दिसलं, की मूळ कामगिरी जिथे कच्ची असते, ताळा सहकारी देतो आणि पुन्हा पुन्हा देतो, तिथे फायदा जास्त होतो. तालुक्याची बैठक नेमकी तशीच.

पैशांचा आक्षेप मात्र मला पटत नाही. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेऊ नये, हा नियम 2009 पासून आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा खर्चाला करसवलतही नाकारली. 2024 च्या विपणन संहितेने सीएमईवरच्या खर्चालाही पारदर्शकतेची चौकट घातली. तरी मोठ्या हॉलचं भाडं कुणीतरी भरायला हवंच, असं म्हटलं जातं. चिठ्ठीच्या उत्तराला हॉल लागत नाही. घड्याळाने श्वास मोजा, पुडी लिहून द्या, हे सांगण्यासाठी कुणी प्रायोजक पुढे येणार नाही, आणि म्हणूनच तिथे प्रायोजकाची गरजही नाही.

या बैठकीत कुणाला बोलवायचं, यावर भांडण होणार. तालुक्यातलं तापलेलं मूल पहिल्यांदा पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरकडे जातं; त्यांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे. होमिओपॅथ डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केल्यावर ती औषधं देण्याची मुभा 2014 च्या कायद्याने दिली, आणि त्यावरचा वाद अजून धुमसतो आहे. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ते घ्या. पण मूल ज्याच्याकडे पहिल्यांदा जातं त्याला खोलीबाहेर ठेवून मुलांच्या डॉक्टरांचं शिक्षण कसं होईल, हे मला उमगत नाही. आणि शिकण्याची दिशा एकच नसेल. मिरजेच्या किंवा कराडच्या वॉर्डात पाच ओळींचं उत्तर लिहिणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरला तेव्हा जतहून उलटा निरोप येईल: मूल तिसऱ्या दिवशी का आणलं, तर वडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर दुसऱ्या तालुक्यात होते आणि पहिले दोन दिवस आईच्या हातात ना पैसे होते, ना सोबत यायला माणूस.