मधल्याचा राग

मधला माणूस मला चालत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या यार्डात कापसाच्या गाडीभोवती घुटमळणारे दलाल बघत वाढलेल्या माणसाला तो चालणार तरी कसा? 1972 मध्ये राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली ती व्यापाऱ्याला मधून हटवायलाच. हाच राग मी सॉफ्टवेअरच्या कामात नेला आणि तिथं तत्त्व म्हणून मिरवला.

आमच्याकडं एक संगणक दुसऱ्यावरचं काम स्वतःचंच असल्यासारखं करवून घेतो. त्याला आरपीसी म्हणतात. बिरेल आणि नेल्सन यांच्या आरपीसीवरच्या 1984 च्या निबंधातच असा कॉल टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्ट करायची सोय आहे. त्यामुळं मध्ये कॉल पुढं पाठवणारा गेटवे बसवू म्हटलं, की मी भांडायचो. टीएलएस, म्हणजे जोडणीवरचं एन्क्रिप्शन, गेटवेपाशी संपतं, मजकूर तिथं उघडा पडतो, मग पुन्हा बंद होऊन पुढं जातो. उघडा पडतो ना? झालं तर.

या भांडणात अभ्यास कमी आणि ताठा जास्त होता. थेट जोडणीचा आग्रह धरणारा मीच कटकट नको म्हणून सर्टिफिकेटची तपासणी बंद ठेवायचो. समोर कोण आहे हेच न पाहता केलेलं एन्क्रिप्शन! ते मला खुपत नव्हतं.

आईचे पैसे काढायला सेलूतल्या एका ग्राहक सेवा केंद्रात गेलो होतो. तिनं यंत्रावर अंगठा ठेवला आणि मी मनात मधले मोजू लागलो: केंद्रचालक, त्याची बँक, बँकांना जोडणारी एनपीसीआय, मग आधार चालवणारी यूआयडीएआय. घरी आल्यावर आधारची तांत्रिक कागदपत्रं उघडली, खोट सापडेल याच आशेनं. सापडलं वेगळंच. ठसा यंत्रातच एईएस-256 या एन्क्रिप्शननं बंद होतो आणि त्याची किल्ली यूआयडीएआयच्या सार्वजनिक किल्लीनं बंद होते. वाटेत टीएलएस कितीही वेळा संपो, मधल्यांना पुढं कुणाकडं पाठवायचं ते कळतं, ठसा नाही. मी तो भाग पुन्हा वाचला. मग स्वतःच्या कामाकडं पाहिलं. आम्ही वापरतो त्या जीआरपीसी या आरपीसीच्या प्रकारात कोणतं काम मागितलंय ते नाव एचटीटीपी/2 च्या पाथमध्ये असतं. नावावरून वाट ठरवायची तर गेटवेला टीएलएस उघडावंच लागतं. न उघडता नुसतं पुढं ढकलायचं, तर त्याला फक्त सर्व्हरचं नाव दिसतं. म्हणजे मध्ये कुणी असावं की नाही हा माझा प्रश्नच चुकीचा होता. त्याला काय वाचता येतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं ज्याला निष्ठा समजलो, तो निव्वळ आळस होता.

आता आमच्याकडं बाहेरून आत यायला एकच 443 पोर्ट, मागच्या सेवा इंटरनेटपासून दूर, आतल्या जोडण्यांवर दोन्ही बाजूंची सर्टिफिकेटं, आणि नाजूक मजकूर त्याआधीच वेगळा एन्क्रिप्ट केलेला.

टोकाला, म्हणजे ठसा घेतात तिथं, धोका मात्र अजून राहिलाय. नकली ठशांनी आधारवरून पैसे काढल्याचे प्रकार झाले आहेत, आणि तिथं मधलं कुठलंच एन्क्रिप्शन कामी येत नाही. आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं. आईचं केलंय, पैसे काढण्यापुरतं उघडतो. तुमच्या घरच्यांचंही करून टाका.