संशोधनाचा खर्च विद्याशाखा पाहून ठरू नये

संपादकांनी विचारलं, ‘मानव्यविद्या आणि व्यवस्थापन, दोन्हीकडच्या संशोधकांना सारखा पैसा मिळतो का?’ इतिहासाचा मार्गदर्शक म्हणून उत्तर द्यायला बसलो की यंदाची एक निवड समिती आठवते. तिच्यापुढे एक प्रस्ताव सहकारी साखर कारखान्यांच्या व्यवस्थापनावरचा होता, दुसरा तंजावरच्या मोडी कागदांवरचा. पहिल्यातला सर्वेक्षणाचा आणि सॉफ्टवेअरचा खर्च मंजूर झाला. दुसऱ्यातला तंजावरच्या मुक्कामाचा खर्च ‘पर्यटन’ म्हणून कापला गेला. ते अजून सलतं.

कागदावर अन्याय दिसत नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली की इतिहास असो वा व्यवस्थापन, १ जानेवारी २०२३ पासूनचा दर एकच: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. फरक पडतो तो जेआरएफ न मिळालेल्यांत. आयआयएममध्ये पूर्णवेळ पीएचडीला प्रवेश मिळाला की शुल्कमाफी आणि विद्यावेतन संस्थाच देते. एमबीएच्या शुल्कातून तिच्या हाती पैसा असतो. राज्य विद्यापीठातल्या मराठी किंवा इतिहास विभागाकडे असं उत्पन्न नाही. नेटशिवायची महिना ८,००० रुपयांची फेलोशिप मुख्यतः केंद्रीय विद्यापीठांपुरती. २०१५मध्ये तीही बंद करायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थ्यांना दिल्लीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दारात ठाण मांडावं लागलं. आमचे कितीतरी विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवत प्रबंध लिहितात.

आता आकस्मिक खर्चाचा मुद्दा. तो किरकोळ मानला जातो, पण मी प्रत्येक बैठकीत मांडतो. जेआरएफसोबत मिळणारी ही रक्कम मानव्य व सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये. विज्ञान-तंत्रज्ञानाला १२,००० आणि २५,०००. पाच वर्षांचा हिशेब ८१,५०० विरुद्ध ९९,०००. साडेसतरा हजारांपेक्षा त्यामागची समजूत मला जास्त खटकते: मानव्यविद्येला पुस्तकं आणि खुर्ची पुरते.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दस्तऐवजांचा मोठा साठा आहे. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, हात उचलत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नसतो. एका लेखनिकाच्या वळणाला डोळा सरावेपर्यंत दुसऱ्याचं वळण समोर येतं. पुण्याच्या पेशवे दप्तरातही हाच अनुभव येतो. हे काम महिनोन्‌महिने मुक्काम केल्याशिवाय होत नाही. आमची प्रयोगशाळा तीच, आणि ती परगावी असते. ‘मराठीत पीएचडीला पैसे कशाला?’ असं सुशिक्षित माणसं विचारतात, तेव्हा थकवा येतो.

व्यवस्थापनाच्या संशोधकाचा पैसा काढून आम्हाला द्या, असं मी म्हणत नाही. त्याला कंपन्यांची आकडेवारी विकत घ्यावी लागते, कारखान्या-कारखान्यांत फिरावं लागतं. तो खर्चही खराच आहे. पण त्याच्या विषयाला उद्योगातून प्रायोजक मिळण्याची शक्यता तरी असते. तंजावरच्या कागदांना सार्वजनिक पैशाशिवाय वाली नाही.

म्हणून निवड समित्यांकडे माझी मागणी आहे: प्रस्तावावरचं विद्याशाखेचं नाव झाका आणि कामाची गरज वाचा. आणि राज्य सरकारने राज्य विद्यापीठातल्या प्रत्येक पूर्णवेळ संशोधकाला, त्याचा विषय कोणताही असो, जगण्यापुरतं विद्यावेतन दर महिन्याला वेळेवर द्यावं. त्याशिवाय समान संधीची भाषा खरी ठरणार नाही.